कळते, पण वळत नाही

पाचवीचा वर्ग. गणिताचा तास. बाईंनी अपूर्णांकांच्या बेरजेची सहा उदाहरणे फळ्यावर लिहून दिली आहेत. तिसऱ्या रांगेतला एक मुलगा पहिले उदाहरण इतरांच्या आधी सोडवतो. उत्तर बरोबर असते. दुसरे अर्ध्यावर आले असताना तो पेन्सिलीला टोक काढायला उठतो. परत येताना वाटेतल्या बाकावरची पट्टी उचलून पाहतो. जागेवर बसतो तेव्हा आपण कोठवर आलो होतो हे त्याला आठवत नाही. बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज येतो, मान खिडकीकडे वळते. मग पाय हलू लागतात, बाक वाजू लागतो, शेजारी तक्रार करतो. तास संपतो तेव्हा वहीत दीड उदाहरण असते आणि त्याखाली लाल शाईत शेरा पडतो : ‘येत असून करत नाही.’

एका शाळेत मागच्या बाकावर बसून आम्ही हा तास पाहिला. नंतर बाईंनी आम्हांला विचारले, “त्याला सगळं कळतं हो. शंभरदा सांगून झालं, रागावून झालं, बाहेर उभं करून झालं. मग वळत का नाही?”

बाईंचा प्रश्न नेमका आहे. ‘कळते पण वळत नाही’ ही आपली नेहमीची म्हण या मुलांच्या अडचणीचे वर्णन फार चांगले करते. मात्र म्हणीत जो दोषारोप दडलेला आहे तो बाजूला ठेवायला हवा. कळणे आणि वळणे ही मेंदूची दोन वेगवेगळी कामे आहेत. पहिले उत्तम चालत असताना दुसरे लंगडे असू शकते. ज्या स्थितीत असे घडते तिला अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार असे म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून रूढ झालेले ‘एडीएचडी’ हे नावही आता आपल्याकडे परिचित झाले आहे.

लक्षणे कोणती?

या विकाराची लक्षणे तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार अवधानाचा : काम अर्धवट सोडणे, वस्तू हरवणे, सूचना ऐकूनही विसरणे, सोप्या जागी चुका करणे. दुसरा चंचलतेचा : जागेवर न बसणे, हातपाय सतत हलवणे, अखंड बोलणे. तिसरा उतावीळपणाचा : प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देणे, पाळी येईपर्यंत न थांबणे, दुसऱ्यांच्या बोलण्यात वा खेळात घुसणे.

हे वाचून प्रत्येक शिक्षकाच्या डोळ्यांसमोर निम्मा वर्ग उभा राहील. म्हणूनच निदानाच्या अटी कडक आहेत. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निकषांनुसार अवधानाच्या नऊ लक्षणांपैकी किंवा चंचलता-उतावीळपणाच्या नऊ लक्षणांपैकी किमान सहा लक्षणे मुलात सहा महिने तरी टिकून असावी लागतात. ती वयाच्या मानाने जास्त असावीत, बाराव्या वर्षाआधी दिसू लागलेली असावीत, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत आणि त्यांमुळे मुलाचे प्रत्यक्ष नुकसान होत असावे. फक्त एकाच शिक्षकाच्या तासाला चुळबुळ करणारा मुलगा या व्याख्येत बसत नाही. तेथे कदाचित तासच तपासून पाहावा लागेल!

जगभरातील पाहण्या एकत्र केल्या तर शालेय वयातील सुमारे ५ टक्के मुलांमध्ये हा विकार आढळतो. म्हणजे ४० मुलांच्या वर्गात सरासरी दोन. मुलग्यांमध्ये निदानाचे प्रमाण मुलींच्या सुमारे दुप्पट आहे. त्याचे एक कारण असे की अनेक मुलींमध्ये चंचलता दिसत नाही, फक्त अवधानाची अडचण असते. अशी मुलगी कोणाला त्रास देत नाही. ती शांत बसलेली असते, वही उघडी असते, नजर फळ्याकडे असते आणि मन मात्र तेथे नसते. तिच्या प्रगतिपुस्तकावर ‘शांत आहे, पण अभ्यासात मागे’ एवढाच शेरा येतो. वर्गातला गोंधळ हाच निकष मानला तर अशी मुलगी आपल्या हातून निसटते.

नाव बदलत गेले

ही आधुनिक जीवनाने आणलेली नवी व्याधी नाही. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रायटन यांनी १७९८ साली अवधान टिकवू न शकणाऱ्या माणसांचे वर्णन केले होते. १९०२ साली जॉर्ज स्टिल या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी लंडनच्या वैद्यकीय व्याख्यानांत अशा मुलांविषयी सांगितले. त्यांपैकी काहींची बुद्धी चांगली होती, तरी वागणे त्यांच्या ताब्यात नव्हते. स्टिल यांनी याला ‘नैतिक नियंत्रणातील’ दोष म्हटले. पुढे १९६८ साली या स्थितीच्या नावात अतिचंचलता आली, १९८० साली भर अवधानावर गेला आणि १९८७ साली दोन्ही जोडून आजचे नाव तयार झाले.

नावांचा हा प्रवास बोलका आहे. शास्त्राने ‘नैतिक’ हा शब्द केव्हाच सोडला. आपल्या शिक्षक-खोलीत मात्र तो ‘नाठाळ’, ‘आळशी’, ‘मुद्दाम करतो’ या रूपांनी अजून नांदतो आहे.

मेंदूत काय चालते?

एक छोटा प्रयोग करून पाहा. शेजारच्या शिक्षकांना ७, ३, ९, १, ५ हे पाच अंक सेकंदाला एक या गतीने एकदाच सांगा आणि उलट क्रमाने म्हणायला लावा. थोड्या प्रयासाने बहुतेकांना ते जमेल. आता दुसरे पाच अंक सांगा आणि शेवटचा अंक उच्चारताच विचारा, “आज डब्यात काय आणलंय?” त्यांनी उत्तर दिल्यावर आता अंक उलटे म्हणायला सांगा. बहुतेकांची गाडी अडेल. अंक त्यांना ऐकू आले होते, समजलेही होते. पण मनाच्या पाटीवर धरून ठेवलेले ते अंक डब्याने पुसून टाकले.

या पाटीला कार्यस्मृती म्हणतात. हातचा धरून बेरीज करणे, लांब वाक्याचा अर्थ लावणे, ‘आधी हे, मग ते’ असा क्रम पाळणे ही सारी कामे तिच्यावर चालतात. एडीएचडी असलेल्या अनेक मुलांची पाटी लहान असते आणि लवकर पुसली जाते. त्यांच्यासाठी टेम्पोचा आवाज, शेजाऱ्याची पट्टी, पेन्सिलीचे तुटलेले टोक यांतले प्रत्येक म्हणजे वरच्या प्रयोगातला डबा होय.

दुसरी अडचण थांबण्याची. मनात आलेली कृती क्षणभर रोखून धरणे हे काम मुख्यतः कपाळामागच्या मेंदूच्या भागाकडे आणि त्याच्याशी जोडलेल्या केंद्रांकडे असते. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एडीएचडी असलेली २२३ आणि नसलेली २२३ मुले घेऊन मेंदूच्या बाह्यपटलाची जाडी वाढत्या वयात कशी बदलते ते मोजले गेले. बाह्यपटलाच्या निम्म्या भागाने कमाल जाडी गाठण्याचे वय इतर मुलांत सुमारे साडेसात वर्षे होते, तर एडीएचडी असलेल्या मुलांत सुमारे साडेदहा. हा उशीर कपाळामागच्या भागात सर्वांत ठळक होता. उलट हालचाली घडवून आणणारा भाग या मुलांत थोडा आधीच पक्व झालेला दिसला. बैल जुंपायला तयार, पण कासरा अजून पुरता हातात आलेला नाही, असे काहीसे हे चित्र आहे. अर्थात ही सरासरी झाली. मेंदूचे चित्र काढून एखाद्या मुलाचे निदान करता येत नाही.

तिसरी गोष्ट फळाची. दूरच्या मोठ्या फळापेक्षा जवळचे लहान फळ सर्वच मुलांना ओढते, पण या मुलांना ते फार जोराने ओढते. ‘वार्षिक परीक्षेत कळेल तुला’ हे वाक्य जुलै महिन्यात त्यांच्यासाठी जवळजवळ निरर्थक असते. मोबाईलवरच्या खेळात तासभर गुंग होणारा मुलगा गणितात पाच मिनिटे टिकत नाही याचे आपल्याला आश्चर्य वाटते. पण त्या खेळात दर काही सेकंदांनी फळ मिळते. गणिताच्या वहीत ते दोन दिवसांनी, तपासून आल्यावर मिळते.

आणखी एक निरीक्षण शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. चाचण्यांमध्ये या मुलांचा प्रतिसाद सरासरीने थोडा मंद असतोच, पण त्याहून ठळकपणे तो अनियमित असतो. एकदा झटकन, एकदा फार उशिरा. ‘काल आलं होतं, आज येत नाही, म्हणजे नाटक करतो’ असा निष्कर्ष आपण काढतो. वास्तविक हा चढउतार त्या स्थितीचाच भाग आहे.

हा विकार बव्हंशी आनुवंशिक आहे. जुळ्या मुलांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के निघतो. त्यामागे एखादा एकटा जनुक नसून अनेक जनुकांचा लहान लहान परिणाम असतो. आईवडिलांच्या लाडामुळे तो होत नाही. साखर खाल्ल्याने मुले चंचल होतात ही समजूतही १९९० च्या दशकातील काटेकोर प्रयोगांत टिकली नाही.

घाईने शिक्का नको

येथे एक इशारा. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशाची सीमा ३१ डिसेंबर आहे. त्यामुळे डिसेंबरात जन्मलेली मुले वर्गात सर्वांत लहान आणि जानेवारीत जन्मलेली सर्वांत मोठी. तेथील नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. जानेवारीच्या मानाने डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांमध्ये एडीएचडीचे निदान ३० टक्क्यांनी, तर मुलींमध्ये ७० टक्क्यांनी जास्त आढळले. जन्माच्या महिन्याने मेंदूचा विकार होत नाही! वयाने जवळजवळ वर्षभर लहान असलेल्या मुलाचे पोरपण काही वेळा विकार म्हणून नोंदले गेले, हाच याचा अर्थ. तेव्हा कोणत्याही मुलाविषयी शंका आली की आधी शाळेच्या रजिस्टरातील त्याची जन्मतारीख पाहावी.

मग इतर कारणे तपासावीत. फळा नीट दिसतो का? ऐकू येते का? सकाळी काही खाऊन येतो का? झोप पुरते का? घरात काही बिघडले आहे का? अपस्माराच्या एका प्रकारात मूल काही सेकंद शून्यात पाहते आणि पुन्हा भानावर येते; तेही ‘लक्ष नाही’ म्हणूनच खपून जाते. वाचन-लेखनाची विशिष्ट अक्षमता असलेले मूलही कंटाळून चुळबुळ करते. अनेकदा ती अक्षमता आणि एडीएचडी एकत्रही आढळतात. निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. ते बालमनोविकारतज्ज्ञ किंवा बालविकासतज्ज्ञ डॉक्टरांनीच करावे. मात्र शिक्षकाच्या नोंदींशिवाय त्यांचेही निदान अपुरे राहते.

वर्गात काय करता येईल?

आता बाईंच्या प्रश्नाकडे परत येऊ. अडचण कळण्याची असती तर पुन्हा समजावून सांगणे उपयोगी पडले असते. अडचण वळण्याची आहे, म्हणून मदत जेथे आणि ज्या क्षणी काम चालू आहे तेथेच पोचली पाहिजे. हे एकच तत्त्व पुढील सर्व उपायांच्या मुळाशी आहे.

(१) जागा. मुलाला पुढच्या रांगेत, खिडकी आणि दारापासून दूर, शांतपणे काम करणाऱ्या सोबत्याजवळ बसवावे. शिक्षा म्हणून एकटे बसवू नये. बाईंच्या हाताच्या अंतरावर असला की बाकावर बोटाने हलकेच टकटक करूनही त्याला कामावर आणता येते. सर्वांसमोर नाव पुकारावे लागत नाही.

(२) सूचना. ‘वह्या काढा, तारीख घाला, उदाहरणे उतरवून घ्या, सोडवा आणि झाले की पान ४२ उघडा’ ही एका दमातली पाच कामे झाली. लहान पाटीवर त्यांतली पहिली किंवा शेवटचीच उरते. एका वेळी एक सूचना द्यावी, ती फळ्याच्या कोपऱ्यात लिहावी आणि मुलाकडून एकदा वदवून घ्यावी. फळ्यावरचे अक्षर पुसले जात नाही तोवर पाटी पुसली गेली तरी चालते.

(३) कामाचे तुकडे. सहा उदाहरणांऐवजी दोन-दोनचे तीन गट करावेत. दोन झाली की वही दाखवायला यायचे. येथे तीन गोष्टी साधतात : काम आवाक्यातले वाटते, फळ लगेच मिळते आणि उठण्याला सन्मान्य कारण मिळते.

(४) हालचाल. अमेरिकेतील प्रयोगांत असे आढळले आहे की कार्यस्मृतीवर ताण देणारे काम चालू असताना ही मुले जास्त हलतात आणि काही प्रयोगांत जास्त हालचालीच्या वेळी त्यांचे काम सुधारलेलेही दिसले. तेव्हा ‘आधी गप्प बस, मग लिही’ हा आग्रह उलट फळ देऊ शकतो. दुसऱ्यांना त्रास होत नसेल तर पाय हलू द्यावेत, उभे राहून लिहू द्यावे. फळा पुसणे, वह्या वाटणे, खडू आणणे ही कामे त्याला द्यावीत. मधली सुट्टी वा खेळाचा तास शिक्षा म्हणून कधीही काढून घेऊ नये. ज्याला हालचालीची सर्वांत जास्त गरज, त्याचीच हालचाल आपण बंद करतो.

(५) वेळ दिसू द्यावी. ‘दहा मिनिटांत करा’ म्हटल्याने वेळ कळत नाही. घड्याळाकडे बोट दाखवून ‘मोठा काटा सहावर येईपर्यंत’ असे सांगावे. निम्मा वेळ झाला की फळ्यावर खूण करावी.

(६) शाबासकी. हे मूल दिवसभरात किती वेळा रागावून घेते आणि किती वेळा शाबासकी मिळवते, याची एक दिवस नोंद करून पाहा. आकडे पाहून आपल्यालाच ओशाळल्यासारखे होईल. कौतुक लगेच आणि नेमके असावे. ‘शहाणा मुलगा’ यापेक्षा ‘हात वर करून थांबलास, छान’ हे त्याला कोणती कृती पुन्हा करायची ते सांगते.

(७) रोजचे कार्ड. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर दोन-तीनच उद्दिष्टे लिहावीत : ‘दिलेले काम सुरू केले’, ‘हात वर करून बोललो’, ‘गृहपाठ वहीत उतरवला’. प्रत्येक तासाला शिक्षकांनी त्यापुढे खूण करायची. कार्ड घरी जाते आणि ठरलेल्या खुणा मिळाल्या तर त्याच संध्याकाळी घरी छोटेसे बक्षीस : एक जादा गोष्ट, अर्धा तास क्रिकेट. सुरुवातीची उद्दिष्टे सहज गाठता येतील अशी ठेवावीत. या उपायाची बऱ्याच संशोधकांनी तपासणी केली असून तो उपयोगी ठरला आहे.

हे करताना प्रयोगशाळेतला एक नियम पाळावा : एका वेळी एकच बदल आणि आधी-नंतरची नोंद. अर्ध्या तासाच्या लेखी कामात दर दोन मिनिटांनी एकदा नजर टाकून मूल कामावर आहे की नाही एवढे टिपावे. पंधरा नोंदी होतात. त्याच वेळी चिठ्ठी टाकून निवडलेल्या दुसऱ्या एका मुलाचीही नोंद ठेवावी. तुलनेला दुसरे मूल नसेल तर सर्व मुलांना असणारी चुळबुळही आपण एकाच्याच खाती मांडत राहतो.

साठ मुलांच्या वर्गात हे कसे जमावे, असे शिक्षक विचारतील आणि तो प्रश्न रास्त आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी दर ३० मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरवले आहे. प्रत्यक्षातला पट आपण सारे जाणतो. पण वरच्या यादीतले पहिले पाच उपाय संपूर्ण वर्गासाठी एकदमच होतात. फळ्यावर लिहिलेल्या सूचनेचा फायदा साठही मुलांना मिळतो. फक्त कार्ड तेवढे एकट्यादुकट्यासाठी लागते. ओरडण्यात जाणारी रोजची मिनिटे मोजली तर कार्डासाठी वेळ निघतो. मारणे आणि मानसिक छळ यांना याच कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी मार हा कळणे वाढवण्याचा उपाय आहे, वळण्याची अडचण तो सोडवत नाही.

पालक आणि डॉक्टर

पालकांना बोलावताना ‘तुमचा मुलगा वर्गात बसू देत नाही’ अशी सुरुवात केली तर पुढचे संभाषण संपलेच म्हणायचे. आधी त्याला काय चांगले येते ते सांगावे, मग नोंदी दाखवाव्यात. रोगाचे नाव शिक्षकाने उच्चारू नये. ‘एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊ या’ एवढे पुरे. आईवडिलांपैकी एखाद्याचे बालपणही असेच गेलेले असू शकते, हे मनात ठेवून बोलावे.

औषधांविषयी दोन्ही टोकांची भीती दिसते. १९३७ साली अमेरिकन डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांना ३० मुलांवर एक उत्तेजक औषध वापरताना त्यांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांचे शाळेतले काम लक्षणीय सुधारल्याचे आढळले. आज मुख्यतः वापरले जाणारे मिथाइलफेनिडेट त्याच प्रकारचे आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, ५७९ मुलांवरील मोठ्या अमेरिकन अभ्यासात चौदा महिन्यांनंतर मूळ लक्षणांवर काटेकोरपणे दिलेल्या औषधाचा परिणाम सर्वांत चांगला दिसला. मात्र तीन वर्षांनी उपचारगटांमधला फरक उरला नव्हता. औषध काही मुलांना फार मदत करते, पण अपूर्णांक शिकवत नाही. ते द्यायचे की नाही हे डॉक्टर आणि पालक ठरवतील. भूक मंदावणे, झोप न लागणे, मूल गप्प गप्प होणे असे काही दिसले तर शिक्षकांनी जरूर कळवावे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. म्हणून परीक्षेच्या सवलतींचा मार्ग सरळ नसतो. पण मुलाला पुढच्या बाकावर बसवायला, सूचना फळ्यावर लिहायला कोणत्याही दाखल्याची गरज नाही.

पुन्हा त्या वर्गात

काही आठवड्यांनी आम्ही त्याच वर्गात पुन्हा बसलो. मुलगा आता पहिल्या रांगेत होता. दोन उदाहरणे झाली की वही घेऊन बाईंकडे जात होता. टोकयंत्र त्याच्या बाकावरच ठेवलेले होते. पाय अजून हलत होते आणि एकदा तो खिडकीकडे बराच वेळ पाहत राहिला. तास संपला तेव्हा सहापैकी चार उदाहरणे झाली होती. आदल्याच दिवशी मात्र पुन्हा दीडवर अडले होते, असे बाईंनी सांगितले.

मुलगा बदलला होता असे आम्ही म्हणणार नाही. बदलली होती ती त्याच्याभोवतीची व्यवस्था. चष्मा लावलेल्या मुलाला आपण ‘डोळे ताणून बघ’ असे सांगत नाही, आणि महिन्याभराने चष्मा काढूनही घेत नाही. या मुलांचा आधारही तसाच दीर्घकाळ चालू ठेवावा लागतो. वय वाढेल तशी अनेकांची चंचलता कमी होते, पुष्कळांना अवधानाची अडचण मात्र मोठेपणीही सोबत करते. तोपर्यंत ‘मी आळशी आहे, मी वाईट आहे’ हा धडा तो शाळेत शिकतो की नाही, हे बरेचसे आपल्या हातात आहे.

त्या दिवशी वहीत शेरा होता : ‘चार बरोबर. उद्या पाच करू.’